मधला जोड

वर्कशॉपच्या सरांचा एकच नियम होता. गटाने लोखंडी पूल बनवायचा आणि परीक्षेच्या दिवशी ज्याने जो जोड वेल्ड केला, त्याने त्याच जोडावर उभं राहायचं. पूल टिकला तर सगळे पास. मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा झाले की कॉलेजातून नाव कायमचं कटणार होतं, आणि नशिबाने साथीदार दिले ते साहेब आणि उद्या. पहिल्याच्या शर्टाची इस्त्री कधी मोडत नसे, म्हणून तो साहेब. दुसऱ्याला काहीही सांगा, "उद्या करतो" म्हणायचा, म्हणून त्याचं नाव उद्या.

डावा जोड माझा. उजवा उद्याचा, तोही मीच केला. मधला साहेबाचा, तो मात्र मी हट्टाने सोडला. म्हटलं, आयत्या बिळावर किती नागोबा होशील? एक तरी कर, बाबा.

परीक्षेच्या सकाळी बघते तर पूल निळ्या रंगात चमकत होता आणि मधला जोडही भरलेला. क्षणभर मला साहेबाचं कौतुकच वाटलं. जोडावरून बोट फिरवलं, तर नख रुतलं. लोखंडात नख रुतत नाही. आत पुट्टी होती, भिंतीची भोकं बुजवतात ती.

"वाळलीय गं, दगड झालाय," साहेब हसला. "कुणाला कळतंय?"

माझं डोकं फिरलं. ठोसा थेट त्याच्या नाकावर बसला. इस्त्रीच्या शर्टावर रक्त उडालं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याने माझे केस धरून डोकं टेबलावर आपटलं. भुवई फुटली. मी त्याच्या मनगटाला चावले ती सोडेचना. उद्या नुसता "अरे, अरे" करत राहिला. त्याच्या नखांत निळा रंग होता, म्हणजे हाही सामील होता.

तेवढ्यात सर आले. "तमाशा नंतर. आधी मधला जोड. चढ वर."

पूल छातीइतक्या उंचीवर ठेवला होता आणि खाली कापलेल्या पत्र्यांनी भरलेली भंगाराची पेटी होती. बोलले तर मी नक्की नापास. गप्प राहिले तर जोड टिकेलही, नाहीतर साहेब पत्र्यांवर. मी गप्प राहिले. पडू दे मेल्याला, करावं तसं भरावं.

साहेब नाक पुसत वर चढला. पायाखाली कर्र वाजलं. चीर उघडताना दिसली आणि माझा हातच आधी पुढे गेला. त्याची पँट धरून मी त्याला सगळ्या जोराने बाजूला ओढलं. तो फरशीवर आपटला, कोपर कट्कन मोडलं. मागोमाग पूल मधोमध तुटून पत्र्यांवर कोसळला.

सरांनी तुटका जोड उचलून पुट्टी चुरगाळली. "ही कुणी भरली?"

"तिनेच," साहेब कण्हत म्हणाला. "आम्ही फक्त रंग लावला. सगळे जोड तीच करायची, विचारा कुणालाही. आणि आता मला पाडलं, ते तुम्ही बघितलंच."

सर उद्याकडे वळले. "तू खरं सांग. हिने भरली नसेल, तर हिला पुन्हा जोड करायला देईन."

उद्याने स्वतःच्या नखांकडे पाहिलं. हात खिशात घातले. "सर... उद्या सांगतो."

मी सरांच्या देखत त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचे दोन दात फरशीवर पडले. माझं नाव त्याच दुपारी कटलं, पुट्टीसाठी नाही, दातांसाठी.

दुसऱ्या दिवशी उद्या सुजलेल्या तोंडाने सरांकडे गेला आणि सगळं खरं सांगून आला.