पिल्लं त्याच्याकडे येईनात

धनराज कंपनीतून घरी आला की सगळं घर आपोआप गप्प व्हायचं. टीव्हीचा आवाज कमी व्हायचा, मुलगी तृप्ती पुस्तक उघडून बसायची, बायको मोहिनी चहा टाकायची. सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या धनराजला याचा अभिमानच होता. घरात बापाचा धाक हवाच, असं तो चारचौघांत सांगायचा.

१९९८च्या हिवाळ्यात मोहिनीने घरी दोन पिल्लं आणली. ती दर रविवारी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मदतीला जायची. सिन्नरच्या बाजूला एका फार्महाउसवाल्याने लांडगा आणि कुत्री यांचा संकर करून पिल्लं विकायचा धंदा मांडला होता. राखणीसाठी ती क्रूर व्हावीत म्हणून तो त्यांना पत्र्याच्या खोलीत कोंडून पट्ट्याने मारायचा. वनखात्याने ती सोडवली. पण कायमची जागा मिळेपर्यंत सांभाळायची कुणी? मोहिनीने विचारलं तेव्हा धनराज लगेच ‘आण’ म्हणाला. लांडग्याची पिल्लं आपल्या दारात! कॉलनीत केवढा रुबाब!

पण पिल्लं कसली रुबाबदार! मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाआड ती एकमेकांना चिकटून थरथरत बसायची. मोहिनी रोज त्यांच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायची आणि हलक्या आवाजात काहीबाही बोलत भाजी निवडायची. हात मात्र कधी पुढे करायची नाही. हळूहळू पिल्लं बाहेर येऊ लागली. एका संध्याकाळी करड्या पिल्लाने तिच्या मांडीवर डोकं टेकवलं, आणि तृप्ती आनंदाने खळखळून हसली.

धनराज दारातून बघत होता. त्याची चाहूल लागताच पिल्लू दगडाआड पळालं. तृप्तीचं हसूही तिथंच थांबलं.

धनराजला ते झोंबलं. घर माझं, आणि लळा हिचा? दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम मटण आणलं, दगडाशी उभं राहून तुकडा धरला.

“ये! ये म्हणतो ना!”

पिल्लं आणखी आत सरकली.

“अहो, खाली बसा ना जरा,” मोहिनी हळूच म्हणाली.

“मला शिकवू नकोस!”

त्यानंतर तो तिच्याशी धड बोलेना. ती पिल्लांशी बोलायची तो मऊ आवाज ऐकला की त्याला जेवण गोड लागेना.

रविवारी मोहिनी संस्थेत गेली. धनराज तडक अंगणात आला आणि त्याने करड्या पिल्लाला मानेला धरून ओढून काढलं. पिल्लू चावलं नाही, गुरगुरलंही नाही. त्याच्या हातात ते लाकडासारखं ताठ झालं आणि भीतीने मुतलं. त्याने सोडताच ते जे दगडाआड गेलं, ते मोहिनी आली तरी बाहेर येईना. तिच्या हातचंही खाईना.

मोहिनी रडत होती, आणि धनराजला क्षणभर बरं वाटलं! आता तिच्याकडेही येत नाही!

पुढच्याच क्षणी त्याला स्वतःचीच किळस आली.

दिंडोरीहून त्याची थोरली बहीण अक्काबाई संक्रांतीसाठी आली होती. ओट्यावर बसून तिने सगळं पाहिलं होतं. मोहिनी आत गेल्यावर ती म्हणाली, “धना, तुझ्या घरात दोनच जीव भ्यालेले हायेत, असं वाटतं का तुला?”

“म्हणजे?”

“तू आलास की पोरगी कशी उठून उभी राहते, बघितलंस कधी?”

“अक्का, आबांचा असाच धाक होता. म्हणून तर माणूस झालो!”

“झालास ना. पण आबा गेले तेव्हा तुला रडू आलं का रे?”

धनराजला लहानपण आठवलं. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, चपला वाजल्या की ही दोघं बहीणभावंडं धान्याच्या कणगीमागे जाऊन दडायची. ते गेले तेव्हा सगळे रडत होते, आणि त्याला मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं.

“मारून, वरडून माणूस जवळ येत नाय, धना. जनावर तर नायच नाय. मोहिनीवर जळू नकोस. ती काय करते ते बघ.”

अरेरे! धनराजच्या मनात आलं, मी गेल्यावर माझ्या पोरीलाही असंच सुटल्यासारखं वाटेल का?

दुसऱ्या दिवशी कंपनीतून आल्यावर धनराज अंगणात गेला आणि दगडाकडे पाठ करून फरशीवर बसला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून शेंगा सोलत राहिला. पुढेही रोज तो असाच बसू लागला. पहिल्यांदा जवळ आली ती पिल्लं नव्हेत, तृप्ती. ती त्याच्या शेजारी बसली आणि आपण होऊन शाळेतल्या गमती सांगू लागली. याआधी एवढं ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती!

थंडी सरता सरता करडं पिल्लू बाहेर आलं. त्याने धनराजची टाच हुंगली, थोडा वेळ थांबलं आणि सरळ जाऊन जवळच बसलेल्या मोहिनीच्या कुशीत शिरलं.

“बघ, तुझ्याकडेच आलं,” धनराज म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात जळफळाट नव्हता. मोहिनी त्याच्याकडे बघून हसली.

वाचकहो, आपल्यातल्या किती जणांच्या घरांत अशी शांतता असते, आणि तिलाच आपण शिस्त म्हणतो! आपण घरात पाऊल टाकताच हसणं थांबत असेल, तर तो मान नव्हे, ती भीती आहे. प्रेम हिसकावून घेता येत नाही, आणि दुसऱ्याला मिळालेल्या प्रेमावर जळून ते आपल्याकडे येतही नाही. आवाज खाली आणा, जमिनीवर बसा, वाट बघा. भ्यालेला जीव आपल्याच पावलांनी येईल.