इंटरवलनंतरचा टिपर

नववीची परीक्षा संपली आणि मामाने नागपूरहून आपला जुना सीडी प्लेअर चिखल्याला आणून दिला. त्याच दिवशी रीनाने पिक्चरांचं प्रगतिपुस्तक काढलं. भूगोलाच्या वहीची मागची पानं घेतली, लाल पेन घेतला. वर्षभर मास्तरांचे शेरे खाल्ले होते, आता द्यायची पाळी तिची होती.

"मिशीवाल्या इन्स्पेक्टरचा पिक्चर. गणित कच्चे. एका पिस्तुलातून सतरा गोळ्या, मी मोजल्या. फेरपरीक्षा."

"नायिका आंधळी, पण सँडल साडीला मॅचिंग. निरीक्षणशक्ती उत्तम."

"नायक नऊ वेळा शर्ट बदलतो, विचार एकदाही नाही. पालकांनी येऊन भेटावे."

"भुताचा पिक्चर. भूत सोडून सगळ्यांची भीती वाटली."

तिचे बाबा मंगरू मँगनीजच्या खाणीत, पहिल्या पाळीला. पहाटे चारला उठणारा माणूस. संध्याकाळी सातला पिक्चर लागला की मांडी घालून असे बसायचे, की जणू पेपरच द्यायचा आहे. पण इंटरवलच्या आत घोरणं सुरू. मग आई, सुमनबाई, जेवायला हलवून उठवायची आणि ताटावर बसल्या बसल्या बाबांचा ठरलेला प्रश्न यायचा, "मंग का झालं वं?"

पहिल्या दिवशी रीनाने खरं ते सांगितलं. मारामारी झाली, पोलीस आले, लग्न लागलं.

"हे त मले मालूमच होतं," बाबा म्हणाले आणि भाजीकडे वळले.

रीनाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिने मनानेच एक शेवट ठोकून दिला. बाबांचा घास हातातच राहिला. झालं! त्यानंतर तिने खरा शेवट कधी सांगितलाच नाही.

दोन भाऊ आणि मोती नावाचा कुत्रा, त्या पिक्चरला तर तिने कमालच केली. अख्खा पिक्चर नुसती ओढणी सावरणारी नायिका शेवटी टिपर, खाणीवरचा माल वाहणारा ट्रक, चालवते. खलनायकाला मागच्या डाल्यात घालते आणि पोलीस ठाण्याच्या दारात डाला उचलून गिट्टीसारखा रिकामा करते. मोती मात्र मालकाला वाचवताना मरतो.

चार दिवसांनी जागेश्वरकाका नळावर भेटले. ते बाबांच्याच पाळीतले.

"तुह्या बापानं का टिपर चालवला वं! आमी डबे उघडतच नाही, मंगरूभाऊ सांगाले लागल्याशिवाय. अन् त्या कुत्र्यापायी त कवडू जेवलाच नाही!"

रीनाची बादली भरून वाहायला लागली. घरात दिवसाला दहा शब्द बोलणारे बाबा जमिनीखाली पिक्चर सांगतात! आधी ती फुगली. मग घाबरली. कारण खाणीत एकदा नाव पडलं की पडलं. कवडूकाका एकदा बेडकाला घाबरले, तर अकरा वर्षं झाली, अजून 'बेडूक'च आहेत. शेवट खोटे आहेत हे कळलं तर बाबा जन्मभर 'मंगरू फेकू'.

"अन् आयकून राह्यली का?" काका म्हणाले, "या रविवारी तोच पिक्चर आणतो तुमसरहून. टिपर डोळ्यानं पाहाचा आहे सगळ्याईले."

रविवारी दुपारी खाणीच्या क्वार्टरमधल्या त्यांच्या एका खोलीत आठ माणसं कोंबली. रीनाने रिमोट तांदळाच्या डब्यात लपवला. जागेश्वरकाकांनी प्लेअरचं बटण दाबलं. तिने सीडीला आधीच खोबरेल तेल चोपडलं होतं. कवडूकाकांनी ती काढून बनियनला पुसली, आणि चित्र आधीपेक्षा चकचकीत आलं. वरून सुट्टीच्या दिवशी झोप काढून बाबा टक्क जागे!

शेवट आला. बारा मिनिटं पिंपांच्या गोदामात मारामारी, पोलीस, लग्न. मोती गळ्यात हार घालून वरातीत नाचला. पडदा काळा झाला.

"टिपर कुठी गेला बे?" जागेश्वरकाका म्हणाले.

बाबांनी रीनाकडे पाहिलं. रीनाने फरशीकडे पाहिलं.

"दुकानदारानं फसवलं," कवडूकाका बोलले. "डुप्लिकेट आहे. शेवटच कापला साल्यानं."

"नाही त का! टिपर नाही त तो व्हिलन ठाण्यात पोचला कसा?" जागेश्वरकाका उठले, मोटारसायकलची किल्ली हातात. "पाहतोच त्याले आता."

रीनाला सुटका समोर दिसत होती. नुसतं गप्प बसायचं होतं. पण दुकानदार बिचारा काय सांगणार, टिपर कुठून आणणार?

"काका," ती म्हणाली, "टिपर माझा आहे. बाबा इंटरवललाच झोपतात. पुढचं सगळं मी सांगते. मनानं."

जागेश्वरकाकांनी किल्ली परत खिशात टाकली.

"मंग कुत्रा?" कवडूकाकांनी हळूच विचारलं.

"तो पण मीच मारला."

"अवं, मी उपाशी राहिलो ना त्याच्यापायी!"

आधी जागेश्वरकाका हसले, मग सगळी खोली हसायला लागली. सुमनबाई चहाचा ट्रे धरून दारातच बसली. बाबा एकटेच हसले नाहीत. चपला घालून बाहेर गेले.

सोमवारी पाळी सुटल्यावर ते आले, हातपाय धुतले, खाटेवर बसले. रीना उगाच वही चाळत होती.

"नाव पाडलं मले," बाबा म्हणाले.

"फेकू?" तिने वही मिटली.

"इंटरवल. लिफ्टवाल्यापासून सारेच म्हणून राहिले. चला इंटरवलभाऊ, बसा इंटरवलभाऊ." त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "अन् डबे काही उघडले नाही कोनी, मी सांगाले लागल्याशिवाय. आज कोनता पिक्चर आहे वं?"

"बाबा, आजपासून खराच शेवट सांगीन."

"खरा कायले? खरा त दुकानात भेटते." बाबांनी उशी भिंतीला लावली आणि घोरायच्या तयारीने पाय ताणले. "फक्त कुत्रा मारू नको. कवडूनं निरोप धाडला."

त्या संध्याकाळच्या पिक्चरमध्ये कुत्रा नव्हताच. रीनाने इंटरवलनंतर घातला, आणि शेवटपर्यंत धडधाकट ठेवला.