डोक्याचं माप

गावातली निम्मी डोकी माझ्या हाताखालून गेलीत. कुणी घोड्यावरून पडलं की आधी माझ्या दारात. डोक्याभोवती पांढरा रुमाल गुंडाळायचा, कपाळाशी, कानांशी, मानेशी कोळशाची खूण करायची, मग रुमाल सोडून दुमडायचा. एक बाजू लांब भरली तर मेंदू सरकलाय. मग रुमाल आवळून हिसका द्यायचा आणि माणसाला तीन दिवस निजवायचं. मला आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं.

एकच डोकं कधी हाती लागलं नव्हतं, माझ्या नवऱ्याचं. सबिरकूल म्हणायचा, "म्हातारे, हे राहू दे. बिघडलं होतं म्हणून तर तुला बायको करून आणली. सरळ झालं तर पंचाईत तुझीच."

जूनमध्ये मेंढ्या वरच्या कुरणावर नेताना घोडी बिचकली आणि हा दगडावर आपटला. चालत घरी आला, दोनदा ओकला आणि आपणहून माझ्यापुढे येऊन बसला. "मोज बाई," म्हणाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिथेच मी घाबरायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. डावी बाजू दोन बोटं लांब भरली. मी आवळलं, हिसका दिला, निजवलं. बिश्केकहून लेक फोनवर सांगत होता, आत्ताच्या आत्ता शहरात न्या. मी म्हटलं, तू तुझं बघ. चौथ्या दिवशी सकाळी सबिरकूलच्या उजव्या हातातून चहाचा वाडगा गळून पडला. तो त्या वाडग्याकडे नुसता बघत राहिला.

इस्पितळात कवटीला भोक पाडून रक्त काढलं. मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवसापासून सूज वाढायला लागली. तिथली डॉक्टरीण बेगाइम, माझ्या लेकाहूनही लहान असेल.

"रक्त थांबलंय, आपा," ती म्हणाली. "आता त्रास हाकांचा आहे."

"कसल्या हाका?"

"सांडलेलं रक्त दिसलं की मेंदूतल्या पेशी बारीक रेणू सोडतात. धावा, मदतीला या, असा तो निरोप. मग साफसफाई करणाऱ्या पेशी धावत येतात. त्या आणखी निरोप सोडतात, आणखी येतात. त्या गर्दीत चांगला भागही चिरडतो. यांच्या डोक्यातलं पाणी तपासलं, त्यात ते रेणू फार वाढलेत."

हे मला पटकन कळलं. आमच्याकडे मयत झालं की पुरुष लांबूनच हंबरडा फोडत घराकडे धावत येतात. एकाचं ऐकून दुसरा, त्याचं ऐकून चौघे. सगळी मायेचीच माणसं, पण संध्याकाळपर्यंत अंगणाचं कुंपण जाग्यावर राहत नाही.

"मग त्यांना गप्प करायचं औषध द्या की."

"शोध चाललाय. पक्कं असं अजून काही हातात नाही. आणि सगळ्याच हाका बंद केल्या तर घाण कोण काढणार?"

विचारायचं नव्हतं तेच तोंडातून गेलं. "माझ्या रुमालानं झालं का हे?"

"रक्त सुटलं ते घोडीवरून पडल्यामुळे. हिसक्यानं वाढलं असेल किंवा नसेलही, मला सांगता येणार नाही. पण तीन दिवस ते आत साचलं होतं, आपा. आणि तीन दिवस हाका चालू होत्या."

पोरगी खोटं बोलली असती तर मी तिचा मुका घेतला असता.

मग नातलगांची रीघ लागली. दीर, चुलतदीर, त्यांच्या बायका, हातात तळलेल्या पावाच्या पिशव्या. मी दारातच आडवी उभी राहिले. म्हटलं, कुणी रडायचं नाही, कुणी आत जायचं नाही, आत आधीच गर्दी झालीय.

"वहिनी, भावाला बघायला आलोय. आम्हाला हाकलतेस?" थोरला दीर म्हणाला.

"हो, हाकलतेय. पिशवी ठेव आणि जा."

सप्टेंबरात त्याला घरी आणलं. चालतो, जेवतो, बोलतोसुद्धा. पण मला 'तुम्ही' म्हणतो. वाडगा दिला की "उपकार झाले, आपा," गावातल्या कुणाही म्हातारीला म्हणावं तसं. पूर्वी म्हणायचा, "हा चहा की मेंढीचं मूत?" तेवढं एकदा ऐकायला मिळावं म्हणून मी मुद्दाम पाणचट चहा करते. तो निमूट पितो. बेगाइम म्हणाली, सूज उतरलीय, काही परत येईल, काही येणार नाही. 'म्हातारे' या शब्दाचा मला चाळीस वर्षं राग यायचा. आता तोच ऐकायला जीव तळमळतो.

रुमाल जाळून टाकायचा म्हणून काल पेटीतून काढला आणि चुलीपाशी ठेवला. सबिरकूलनं तो उचलला, कोळशाच्या पुसट खुणांवरून बोट फिरवलं.

"तुम्ही डोकं मोजता?"

"मोजत होते."

"मग माझं मोजा. पण जरा लवकर. घरी म्हातारी वाट बघत असेल. उशीर झाला की फार बोलते."

मी बसले त्याच्यामागे. रुमाल गुंडाळला, जरासुद्धा न आवळता. खुणा केल्या, सोडला, दुमडला. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या भरल्या.

"सरळ आहे," मी म्हटलं.

"मग निघू?"

"चहा घेऊन जा."

"नको. तिच्या हातचाच घेईन. वाईट करते, पण सवय झालीय."

असं म्हणून तो टोपी शोधायला लागला. मी ती पाठीमागे धरून उभी राहिले.