तिसऱ्या खेपेची बाटली

शर्लिनने अकराव्यांदा दिवा लावला आणि पुन्हा तिचं डोकं फिरलं. लिंबाचा रस बंद भांड्यात सहा तास तापवून मिळवलेले कार्बनचे अतिसूक्ष्म कण जांभळ्या दिव्याखाली निळसर मिणमिणत होते. निळा उजेड काय, कुणाच्याही कणांना येतो. तिला हिरवा हवा होता. तिसऱ्या खेपेला आला होता तसा लख्ख, ज्याने पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उजळून निघाल्या होत्या आणि बशीतले जिवाणू एका दिवसात साफ झाले होते.

त्यानंतर आठ खेपा झाल्या. भांडं तेच, तापमान तेच, लिंबंसुद्धा पार्ल्याच्या बाजारातल्या त्याच बाईकडची. तरी हिरव्याचा पत्ता नाही. इकडे तिचे गाइड शरच्चंद्र सर त्या एका खेपेवर शोधनिबंध लिहून मोकळे झाले होते आणि सोमवारी तो नियतकालिकाकडे पाठवणार होते. शर्लिनच्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण त्यावरच उभं होतं. पुन्हा जमत नाही म्हटलं की सर म्हणायचे, एकदा झालं ना, मग झालं. शास्त्रज्ञानेच असं बोलायचं म्हणजे कुंपणानेच शेत खायचं.

शनिवारी दुपारी ती वैतागून मरोळ गावठाणातल्या घरी आली. तिची मम्मी, ज्युलिया, अंगणात बियरच्या रिकाम्या तपकिरी बाटल्या मांडून बसली होती. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती घरात एप्रिल म्हणजे बाटली मसाला. मिरच्या वाळवायच्या, भाजायच्या, कुटायच्या आणि वर्षाचा मसाला या बाटल्यांत ठासून भरायचा. शर्लिनने खुर्चीत अंग टाकलं आणि सगळी चीड बाहेर काढली. ज्युलियाला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण पोरीची बाजू घेऊन ती लिंबांना शिव्या घालत राहिली. बोलता बोलता तिने पातेल्यातलं पिवळं गरम पाणी एका बाटलीत ओतलं, खळखळवलं, फेकून दिलं आणि बाटली उन्हात पालथी घातली.

त्यात काय घातलंस, शर्लिनने विचारलं.

"हळद. त्याशिवाय बियरचा वास जात नाय. तुला दिलेली ती पण अशीच धुतलेली."

शर्लिन ताडकन उठून बसली. उजेडाने कण बिघडू नयेत म्हणून तपकिरी बाटल्या लागतात. कॉलेजच्या स्टोअरने तीन महिने उद्या-उद्या केलं, म्हणून तिसऱ्या खेपेला तिने घरचीच बाटली नेली होती. पुढच्या आठवड्यात नव्या बाटल्या आल्या. मम्मीने धुतलेलं भांडं पुन्हा धुवावं, असं त्या घरात आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं, तिच्याही आलं नाही. तपकिरी काचेवर हळदीचा थर दिसणार तरी कसा? आणि हळद त्या दिव्याखाली हिरवी चमकते. ती जखमेवर कशाला लावतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिला मम्मीचा राग आला, सरांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

तिने एक वाळलेली बाटली उचलली, नळाचं पाणी भरलं आणि सोमवारी ती थेट सरांच्या टेबलावर नेली. पेल्यात थोडं ओतून दिवा लावला. पेला हिरवा उजळला.

सर खूश होऊन खुर्चीतून उठलेच. शेवटी जमलं ना, मी म्हणत नव्हतो का, उगाच जिवाला घोर लावून घेतलास, असं बरंच काही ते बोलून गेले.

"सर, यात नुसतं पाणी आहे."

मग तिने बियर, हळद, मसाला सगळं सांगितलं. सर हळूहळू खाली बसले. मग त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"मला आहे," शर्लिन म्हणाली.

सरांनी दिवा बंद केला, लॅपटॉप उघडला आणि तिच्यादेखत तो शोधनिबंध पाठवायचा रद्द केला. पीएचडीला आणखी सहा महिने तरी लागणार होते. शर्लिन प्रयोगशाळेत परतली, बाराव्या खेपेची बाटली घेतली आणि ती स्वतःच्या हाताने चार वेळा धुतली.