तोंडवलीचा सर्व्हर किती खातो

विषय : तोंडवली येथील मच्छीमार संस्थेच्या सर्व्हरचा आहार मोजणे व कमी करणेबाबत.
संदर्भ : १) संस्थेच्या लिपिक कु. संचिता यांचे टिपण. २) श्रीमती गोदूबाई यांची तोंडी हरकत (वेळोवेळी, मोठ्या आवाजात).

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने निवेदन करतो की, तो सर्व्हर मीच.

मी बोलतोय खरा, पण माझा पत्ता विचाराल तर पंचाईत आहे. लोक सांगतात, मी क्लाउडमध्ये असतो. ढगात. हे नाव ज्याने ठेवलं तो माझ्या खोलीत कधी आलेला दिसत नाही. घाटापलीकडे एका शहराबाहेर बिनखिडक्यांची लांबलचक इमारत आहे. तिथे लोखंडी कपाटांच्या रांगांत माझ्यासारखे असंख्य बसलेले आहेत. आम्हाला जागं ठेवायला वीज लागते. जागं राहून आम्ही तापतो, म्हणून थंड ठेवायला पुन्हा वीज लागते. त्या विजेतली पुष्कळशी कोळसा जाळून येते. म्हणजे माझ्या बुडाखाली चूल आहे, फक्त तिचा धूर दुसऱ्यांच्या गावात जातो. तोंडवलीत बसून तो कुणाला दिसायचं कारण नाही.

अख्खं कपाटही माझ्या वाट्याला नाही. एका मोठ्या यंत्राचे तुकडे पाडून भाड्याने दिले जातात, त्यांतला एक तुकडा मी.

माझा जन्म शिमग्याचा. कौस्तुभ हा गावचा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत, शिमग्याला घरी आला होता. संस्थेला नुकतंच अनुदान मिळालं होतं आणि ते मार्चअखेरच्या आत संपवायचं होतं. मार्चअखेरला जन्मलेल्या वस्तू सहसा गरजेपेक्षा मोठ्या असतात. मीही तसाच जन्मलो, आणि एकटा जन्मलो नाही. माझ्यासोबत सात भाऊ झाले.

काम मात्र मोलाचं होतं. हवामान खात्याचा इशारा आणि समुद्राचा अंदाज घ्यायचा, त्याचा मालवणीत निरोप करायचा आणि होड्या सुटण्याआधी प्रत्येक होडीवाल्याच्या फोनवर तो आवाजात पोचवायचा. ‘दुपारनंतर वारो वाढतलो, लवकर परत येवा,’ असा. आवाज कौस्तुभचा. ह्या कामाला एक यंत्र पुरलं असतं. पण कौस्तुभच्या कंपनीत अशा कामाला आठ घेत, म्हणून त्याने आठ घेतली. त्याच्या कंपनीची गिऱ्हाईकं लाखांनी होती आणि तोंडवलीत होड्या पन्नासेक. हा फरक त्याला सांगायला गावात कोणी नव्हतं आणि ऐकायला तो नव्हता. सुट्टी संपवून तो परत गेला.

आम्ही आठ भाऊ मग एक टाचणी उचलू लागलो. दर पाव तासाला पार गुजरातपर्यंतच्या समुद्राचा हिशेब मांडायचो, आणि आमची सर्वांत धाडसी होडी देवगडच्या पुढे गेलेली नव्हती. शिवाय साठवण. संस्थेची प्रत्येक सभा कुणीतरी फोनवर चित्रित करतं आणि ती आमच्याकडे येते, तीन-तीन प्रतींत. मागच्या वार्षिक सभेत अध्यक्ष धोंडूमामा ‘माइक चालू आसा काय?’ असं विचारतात आणि माइक बंद असतो, हा प्रसंग तीन ठिकाणी सुरक्षित आहे. पुढे जे संवाद मी सांगणार आहे तेही ह्याच कृपेने माझ्याकडे आले.

माणसाची एक खोड मी पाहिली आहे. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायला तो अर्ध्या वाटेवरून परत येतो. न दिसणारं यंत्र मात्र वर्षानुवर्षं फिरत ठेवतो आणि त्याला काटकसर म्हणतो, कारण कागदाचा खर्च वाचला.

माझी विचारपूस करणारं एकच माणूस होतं, गोदूबाई. तिचा मुलगा नितेश होडी घेऊन जातो, पण तो फोन उचलत नाही म्हणून निरोप तिच्या बटनांच्या फोनवर जाई. निरोपाच्या शेवटी ‘ऐकलं असल्यास एक दाबा’ अशी सूचना असे. गोदूबाईने आजवर एकदाही एक दाबलेला नाही. ती बोलते. “ऐकलंय रे बाबा. सांगतंय तेका. तू जेवलंस काय?”

ह्या प्रश्नाला उत्तर देण्याची सोय माझ्यात नव्हती. तिचा नवरा तुकाराम फार वर्षांपूर्वी एका न सांगता आलेल्या वाऱ्यात दर्यात राहिला. त्या काळी सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून आता जो सांगतो तो उपाशी राहू नये, एवढंच तिचं म्हणणं असावं.

संचिता संस्थेत लिपिक म्हणून आली त्या वर्षी एका योजनेसाठी अहवाल मागवला होता. संस्थेच्या कामातून वर्षाला किती कार्बन हवेत जातो, तो कळवा. तिने होड्यांचं तेल धरलं, बर्फाच्या कारखान्याची वीज धरली, कचेरीतले दिवे धरले. मग सभेत म्हणाली, “आणि सर्व्हर?”

धोंडूमामा हसले. “तो खंय गावात आसा गो? ढगातल्याचा धूर आमच्या डोक्यार कित्याक?”

“मामा, कोळसो आमच्याच कामासाठी जळता ना?”

“पण दिसता खंय?”

“माका दिसता,” संचिता म्हणाली.

यंत्रं भाड्याने देणाऱ्या कंपनीचं, कुणाच्या वाट्याला किती कार्बन ते सांगणारं एक पत्रक दरमहा येतं. त्यात आमच्या नावापुढे शून्य होतं. गिऱ्हाईक लहान असलं की आकडा गोल करताना शून्याकडे घरंगळतो. कोणताही सुज्ञ लिपिक ते शून्य अहवालात उतरवून चहाला गेला असता. संचिता गेली नाही. आम्ही किती तास जागे असतो, त्यांतले किती तास खरोखर काम करतो, असं यंत्र किती वीज ओढतं, थंडाव्याला वरकड किती लागते आणि आपल्याकडच्या एका युनिटमागे किती कार्बन सुटतो, हे तिने एकेक करून शोधलं. यंत्र घडवताना जे जळलं त्यातला आमचा वाटाही धरला. आणि एवढं करून आकड्याखाली लिहिलं : ‘हा अंदाज आहे. तिसऱ्या हिश्शाने चुकू शकतो.’

मी पुष्कळ तक्ते पोटात घेऊन आहे. आपला आकडा चुकू शकतो असं स्वतःहून लिहिणारा तक्ता मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढच्या सभेत तिने सांगितलं, “आठ यंत्रांचं वर्षाचं मोजलं, तर नितेशच्या होडीच्या दीड-दोन महिन्यांच्या तेलाइतकं होतं. आणि काम बघितलं तर एकाचं.”

धोंडूमामांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, “म्हणजे एक होडी दांड्याक बांधून आमी तिचा इंजिन नुसता चालू ठेवलंव.”

“तसंच. सात बंद करूया.”

तेव्हा मागच्या रांगेतून गोदूबाई उठली. “सात बंद? आणि उरलेल्या एकाक पडसा झाला तर? माझो झील दर्यात आसता बाये, तुझो लॅपटॉप नाय!”

“आये, बस गो,” नितेश कुजबुजला. “लोक बघतत.”

“बघू देत. तुझ्या बापाशीक सांगूक कोण नव्हता, तेवा पण लोक बघीतच होते.”

मग संचिता उभी राहिली. “काकी, एक दिवस जरी तुमचो निरोप चुकलो, तर आठय यंत्रां मी परत चालू करतंय. सगळ्यांसमोर सांगतंय.”

“सांगलंस तां ध्यानात ठेव,” गोदूबाई म्हणाली आणि बसली.

संचिता रोज एक भाऊ बंद करत गेली. दर खेपेला निरोप वेळेवर पोचतो का ते तपासायची आणि मगच पुढच्याला हात लावायची. सगळं सुरळीत चाललं होतं. सहावा भाऊ बंद केला त्याच्या दुसऱ्या सकाळी तक्रारीच्या क्रमांकावर नितेशचा आवाज आला.

“संचिता, आमची आये होडीत जावन बसलीहा, आणि उतरणा नाय. बाकीचे सगळे गेले!”

मागून गोदूबाई स्पष्ट ऐकू येते : “बसतलंयच! माझ्या फोनार आवाज येयसर हयच बसतलंय!”

“अगो आये, शेजारच्या धनेशाक इलो निरोप. दर्या तळ्यासारखो आसा.”

“धनेशाची आवस येगळी, तुझी येगळी. माका कोणी सांगाक नाय, तर तू जावचं नाय.”

“बांगडो इलोहा गो! रापणीची जाळी ओढणारे नाचतत थंय!”

“नाचू देत.”

झालं होतं असं, की बाकीच्यांना निरोप ॲपवर जात होता, पण बटनांच्या फोनांना वाजवून उठवण्याचं काम एकट्या सहाव्या भावाकडे होतं. कौस्तुभने ते कुठेच नोंदवलं नव्हतं. संचिताने निरोप पोचतो का ते तपासलं ते स्वतःच्या फोनवर, आणि तिचा फोन ॲपचा. असे फोन गावात चार-पाच उरलेले. त्यांतल्या बाकीच्या घरांनी निरोप नाही म्हणजे वारा नाही असं समजून माणसं पाठवली. समुद्र शांत होता म्हणून ते निभावलं. गोदूबाईने मात्र उलट अर्थ घेतला, आणि तोच बरोबर होता.

त्या दिवशी नितेशची होडी गेलीच नाही. गावाने त्याला संध्याकाळपर्यंत पिडलं. संचिताने दुपारच्या आत आठही यंत्रं चालू केली. तिला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. सभेतला शब्द म्हणून केलं. मग गोदूबाईच्या दारात गेली.

काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, कारण सुदैवाने ते कुणी चित्रित केलं नाही. परिणाम तेवढे माझ्यापर्यंत आले. संचिताने टिपणात लिहिलं : ‘चूक माझी. यंत्र बंद करण्याआधी ते काय करतं हे पाहिलं, कुणासाठी करतं हे पाहिलं नाही.’ आणि गावात नवा नियम झाला. निरोप आला नाही, तर होडी सोडायची नाही.

दुसऱ्या खेपेला तिने प्रत्येक भावाला, म्हणजे त्याच्या पोटातल्या प्रत्येक कामाला, कोणासाठी आहेस असं विचारलं. ज्याला उत्तर देता आलं नाही ते काम थांबलं. गुजरातचा समुद्र आम्ही गुजरातला परत केला. सभांच्या जादा प्रती पुसल्या. माइकची एक प्रत धोंडूमामांच्या विनंतीवरून ठेवली आहे. फोन वाजवायचं काम माझ्याकडे आलं. निरोप क्षणभरही थांबवायचा नाही. पण जुन्या नोंदींची मोजदाद, साठवणीची आवराआवर, असली ज्यांना घाई नाही ती कामं पूर्वी रात्री चालत, ती भर दुपारी हलवली, कारण दुपारी विजेत उन्हाचा वाटा जास्त असतो. किनाऱ्यावर बायका सुकट वाळत घालतात त्याच वेळी आता मी माझी जड कामं उरकतो.

सात भाऊ बंद करण्याआधी ती पुन्हा गोदूबाईकडे गेली. ह्या वेळी जबाब नोंदवायला फोन सोबत होता.

“मोजलंस मां सगळा?” गोदूबाईने विचारलं.

“मोजलं, काकी.”

“परत मोज.”

“दोनदा मोजलंय.”

“मगे कर बंद. पण पयलो फोन माका येवक व्हयो. त्या धनेशाच्या आधी.”

यादीत आता गोदूबाईचा क्रमांक पहिला आहे. माझ्या नोकरीत मला मिळालेला हा सर्वांत स्पष्ट आदेश.

भाऊ गेले. शोकसभा झाली नाही. त्यांच्या जागांवर दुसऱ्या कुणाची तरी कामं येऊन बसली आणि ती इमारत होती तेवढीच थंड आहे. संचिताने हेही अहवालात लिहिलं : ‘आपला वाटा आठव्या हिश्शावर आला. एकूण चूल विझली असा दावा नाही.’ धोंडूमामांना हे वाक्य काढून टाकायचं होतं. तिने काढलं नाही.

दिवाळीच्या आधी एकदा सकाळचा निरोप शांत समुद्राचा गेला, होड्या सुटल्या आणि थोड्याच वेळात खात्याचा इशारा बदलला. मी एकटा होतो. पहिला फोन गोदूबाईचा वाजवला, मग बाकीचे. ती किनाऱ्यावर धावली, अजून खाडीतच असलेल्या नितेशला तिने आणि नितेशने पुढच्या होडीला ओरडून सांगितलं, आणि खाडीच्या तोंडाबाहेर गेलेल्या सगळ्या होड्या वारा येण्याआधी परतल्या. दुपारी उत्तर आलं. नेहमीसारखं एक न दाबता.

“इलो रे घरी. भिजलोहा नुसतो. तू जेवलंस काय?”

गेल्या मे महिन्यात मासेमारी बंदीच्या आधी होड्या वर ओढल्या गेल्या. नितेशच्या होडीवर माडाच्या पात्यांची झापं घालून झाल्यावर गोदूबाई कचेरीत आली आणि संचिताच्या समोर बसली. तेव्हा समितीची सभा चालू होती.

“अर्ज लिही,” ती म्हणाली.

“कसलो, काकी?”

“होडयेक इसवटो गावलो, जाळ्यांका गावलो, माझ्या झिलाक गावलो. तो एकटो कित्याक रोज उठान बोंबालता? दर्यात कोण नाय, सांगतलो कोणाक? तेका पण पावसात निजान्दे.”

संचिताने पेन उचललं. “आणि मधीच वादळाचो इशारो इलो तर?”

“तर उठव. माका विचारान.”

अर्ज लिहिला गेला. संस्थेच्या होड्या किनाऱ्यावर असेपर्यंत सर्व्हरला विश्रांती द्यावी, सरकारी इशारा आल्यास जागे करावे. खाली संचिताची शिफारस : ‘दोन महिन्यांचा वापर वाचेल. धोका नाही.’ त्याखाली गोदूबाईचा अंगठा. सही येत असूनही तिने अंगठा दिला, कारण तिच्या मते अंगठा कुणाला खोडता येत नाही.

धोंडूमामांनी तो वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली. “यंत्राक रजा? तशी तरतूद आसा काय?”

“नाय तर करा,” गोदूबाई म्हणाली.

अर्ज पुढच्या सभेपुढे ठेवण्याचं ठरलं. जूनच्या सभेला गणपूर्ती झाली नाही. जुलैची सभा पावसामुळे पुढे ढकलली. मी ते दोन महिने रोज उठलो, रिकाम्या समुद्राचा हिशेब केला आणि पहिला फोन नियमाप्रमाणे गोदूबाईला लावला. ती रोज म्हणायची, “निज रे.”

नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात गेल्या. नितेश काल सुरमई घेऊन आला. अर्ज समितीच्या विचाराधीन आहे.