पाचवं दुकान

"हा टाका आहे की कुंपणाची तार?" शिंपीण थोआनं पँटची दुमड उसवली आणि पँट ग्लेनिसच्या मांडीवर टाकली. "पुन्हा घाल."

ग्लेनिसनं सुई ओवली. बावीस वर्षं ती आमच्या नारंडूल गावच्या शॉपिंग सेंटरची मॅनेजर होती. पार्किंगभर विखुरलेल्या ट्रॉल्या गोळा करायच्या, गळती शोधायची आणि वेळेवर शटर न उघडणाऱ्याला झापायचं, हे तिचं काम. माझं मासेमारीच्या सामानाचं दुकान. तिच्या नोटिसांची माझ्याकडे फाइलच आहे. महाखडूस बाई!

पण थोआची बोटं संधिवातानं वाकली आणि तिनं शिवणकाम सोडायचं ठरवलं, तेव्हा सेंटरचा मालक प्राउस याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आमच्याकडच्या कायद्यात पाच दुकानं असली तरच ते सेंटर. चार उरली की सेंटरच्या भाडेकरूंचं संरक्षण संपलं. पुढचे करार तो म्हणेल तसे. थोआचं, म्हणजे पाचवं दुकान बंद झाल्याचं पत्र त्यानं ग्लेनिसला लिहायला सांगितलं. तिनं राजीनामा लिहिला. सोबत अर्ज जोडला: "थोआच्या दुकानाचा भाडेकरार माझ्या नावावर करा."

"डोकं फिरलंय का तुझं?" मी विचारलं. "तुला बटण लावता येत नाही!"

"शिकेन. आणि तू मध्ये बोलू नकोस, तुझ्या गांडुळांच्या डब्याचं झाकण उघडं आहे."

नव्या भाडेकरूला काम येत नसेल, तरच प्राउसला नकार देता येणार होता. तीन आठवड्यांनी तो खात्री करायला आला. पडद्याआड जाऊन त्यानं अंगावरची पँट काढून दिली. "अर्धा इंच आखूड कर. आत्ता."

आम्ही सगळे दुकानदार दाराशी उभे. ग्लेनिसनं बोटाला सुई टोचून घेतली, रक्त चोखलं, पुन्हा शिवायला लागली. पडद्याखाली प्राउसचे मोजे दिसत होते, पण कुणाला हसू आलं नाही.

त्यानं पँट चढवली, आरशासमोर वळून वळून पाहिली. मग कराराचा कागद मागितला आणि सही केली. "चाव्या," तो म्हणाला.

ग्लेनिसनं कमरेचा जुडगा सोडला. एकेक चावी कुठल्या दाराची ते तिनं त्याला सांगितलं, सावकाश, दोनदा. तो गेला. मला रडू आवरेना.

इतक्या वर्षांच्या जुडग्यानं तिच्या स्कर्टचं कापड कमरेपाशी पार विरून गेलं होतं. थोआनं तिथं बोट ठेवलं.

"बस," ती म्हणाली. "आता रफू शिकवते."