उरेब कापड

“अगं, पट्टे वाकडे कसे आले?” मी प्रयोगशाळेच्या दारातच ओरडलो.

“वाकडे नाहीत, उरेब आहेत,” बायको म्हणाली. “गोल वस्तूवर सरळ कापड घातलं की चुण्या पडतात. तुम्हीच म्हणालात, एकही चुणी नको. तिरकं कापलं की कसं अंगाबरोबर बसतं.”

ती शिवणकाम करायची. तिला जाऊन आता आठ महिने झाले. ही गोष्ट बरीच जुनी, मी प्रयोगशाळेत मेकॅनिक होतो तेव्हाची. मांजरासमोर फिरवायचं पत्र्याचं पिंप मी बनवलं होतं. त्याची काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्यांची खोळ दुपारी फाटली, म्हणून मी समोरच्या गल्लीत घरी धावलो होतो. तासाभरात ती नवी खोळ घेऊन स्वतःच आली.

आत मांजर गुंगीत होतं, डोळे उघडे. त्याच्या मेंदूत, नजरेचं काम चालतं त्या भागात, केसाहून बारीक तार होती. तारेजवळची पेशी चेतली की स्पीकर तडतडायचा. हलती वस्तू कुठल्या बाजूला चालली आहे हे एकटी पेशी ओळखते का, एवढंच प्रयोग करणाऱ्या डॉक्टरबाईंना बघायचं होतं. सकाळी एक पेशी सापडली, पण पट्टे कितीही फिरवले तरी ती गप्प. आणि आज काही हाती लागलं नाही तर उद्या खोली दुसऱ्या विभागाकडे जाणार होती.

“बाई, चूक झाली,” मी म्हणालो. “उद्यापर्यंत दुसरी खोळ...”

“उद्या कुठला आलाय? चढवा हीच.”

खोळ खरंच चापून बसली. मी पिंप उजवीकडे फिरवलं. स्पीकर असा तडतडला की बायको दोन पावलं मागे सरली.

“अहो, मोडलंत की काय?”

“उलटं फिरवा!” बाई उभ्या राहिल्या.

उलटं फिरवलं. चिडीचूप. पुन्हा उजवीकडे. तडतड तडतड, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी.

“हिला तिरकेच पट्टे हवे होते!” बाई म्हणाल्या. “आणि तेही उजवीकडे जाणारे. डावीकडे गेले की ओळखच देत नाही.”

“म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखीच,” बायको म्हणाली. “जेवायला हाक मारली की लगेच ओ. भांडी घासायला बोलावलं की बहिरे.”

बाई टेबल धरून हसल्या. मी पिंप फिरवत राहिलो.

मोठ्या साहेबांना बोलावलं. त्यांनी उभ्या उभ्या दहा मिनिटं ऐकलं, दोनदा स्वतः फिरवून पाहिलं आणि “खोली बाईंकडेच राहू दे” म्हणून गेले. बाईंनी वही उघडली.

“अशा कापडाला काय म्हणालात तुम्ही?”

“उरेब.”

बाईंनी तोच शब्द लिहिला. बायको मान लांब करून वहीत बघत होती.

“मी फिरवू का?” तिने विचारलं.

मग तासभर तीच फिरवत होती. “बोल गं बाई, बोल,” म्हणायची, आणि पेशी बोलायची. उलटं फिरवून “रुसली!” म्हणायची. मी इतकी वर्षं तिथे राबलो, पण त्या खोलीत एवढं हसू कधी ऐकलं नव्हतं.

ऊन उतरता उतरता आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

“गेली?” बायकोचा चेहरा उतरला.

“नाही हो. तार जरा सरकली. पेशी आहे तिथेच, तिचं काम चालूच आहे. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच,” बाई म्हणाल्या. “आता तार काढून घेते. उद्या सकाळी मांजर दूध पिईल.”

“थोडं थांबता का? पट्टे कळताहेत ना तिला अजून?”

“कळताहेत.”

बायकोने पिंपाला पुन्हा हात लावला. उजवीकडे, सावकाश. स्पीकर गप्प होता.

बाई खुर्चीत परत बसल्या. मीही बसलो.